‘प्रकृती ठीक, पूर्ववत्’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर असलेल्या एका वृद्धाश्रमात मी अल्प मानधनावर महिन्यातून दोन शनिवारी जात असे. बावीस निवासी, त्यांपैकी सहा-सात अंथरुणाला खिळलेले. दीड तासात सर्वांना पाहून व्हिजिट बुकात नोंद करावयाची, सही-शिक्का करावयाचा आणि परत येऊन सायंकाळचा दवाखाना उघडावयाचा, असा क्रम होता. जे चालत येत त्यांची नाडी पाहत असे, रक्तदाब मोजत असे, दोन शब्द बोलत असे. जे येऊ शकत नसत त्यांच्याविषयी तेथील मुख्य मावशींना विचारीत असे. ‘आजी झोपल्या आहेत, सर. ठीक आहेत,’ असे उत्तर मिळे आणि मी लिहीत असे, ‘प्रकृती ठीक, पूर्ववत्’.

त्या आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी, वाणीही जवळजवळ गेलेली. वृद्धाश्रमात आल्यानंतर पाच महिन्यांनी त्यांना ताप व बेशुद्धी या कारणाने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. तेथे दाखल करतेवेळी त्रिकास्थीच्या जागी अस्थीपर्यंत पोहोचलेला शय्याव्रण आढळला. वजन ३९ किलो भरले. पाच महिन्यांपूर्वीच्या डिस्चार्ज कार्डावर ते ५१ किलो होते. रक्तातील युरिया व सोडियम दोन्ही वाढलेले होते. आजी नऊ दिवसांनी गेल्या.

त्यांच्या कन्येने ग्राहक न्यायालयात तक्रार केली. संस्थेने बचावासाठी पहिला कागद सादर केला तो माझ्या व्हिजिट बुकाचा. पाच महिन्यांत माझ्या अकरा भेटी झाल्या होत्या आणि त्यांपैकी नऊ नोंदींत तीच ओळ होती. नोंदणीकृत वैद्यानेच प्रकृती ठीक असल्याचे लिहून दिले असताना निष्काळजीपणा कसला, असा संस्थेचा युक्तिवाद होता. त्याच सुमारास ती कन्या माझ्या दवाखान्यात आली. तिने आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, ‘डॉक्टर, तुम्ही आईच्या पाठीखालची चादर कधी काढून पाहिली होती का?’

पाहिली नव्हती. पुढे प्रतिज्ञापत्रावर मी तेच लिहून दिले. संस्थेने मला येणे बंद करण्यास सांगितले. काही सहव्यवसायींनी ‘स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतलास?’ असेही विचारले. तो प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु या प्रसंगाने मला जे शिकविले ते आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे, विशेषतः वृद्धाश्रमांना भेटी देणाऱ्या वैद्यांपुढे आणि तेथे औषधे पुरविणाऱ्या विक्रेत्यांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

मूक रुग्णाचा एकच साक्षीदार

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. तेव्हापासून ती वाढतच आहे. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, घरी दोनच वृद्ध, त्यांतील एक गेला की दुसऱ्याची रवानगी वृद्धाश्रमात, हे चित्र आता तालुक्याच्या गावीही अपरिचित राहिलेले नाही. चांगल्या संस्था पुष्कळ आहेत आणि तुटपुंज्या मनुष्यबळावर त्या जे करतात त्याविषयी मला आदरच आहे. परंतु वाईट संस्थाही आहेत, आणि वाईट संस्थेत ज्याची हेळसांड होते तो रुग्ण बहुधा बोलू शकत नाही, आठवू शकत नाही, किंवा बोलला तर उद्या त्याच मावशींच्या हातून जेवावयाचे आहे या भीतीने गप्प राहतो. नातेवाईक महिन्याने येतात, तेव्हा रुग्णास स्नान घालून, स्वच्छ चादर घालून बसविलेले असते. अशा स्थितीत घडले काय, हे सांगणारा एकच साक्षीदार उरतो. तो म्हणजे कागद.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७’ हा आपल्याला परिचित आहे. त्याच्या कलम २४ मध्ये ज्येष्ठ नागरिकास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मात्र त्यात अभिप्रेत आहे ते वृद्धास कायमचे सोडून देणे. छपराखाली ठेवून, शुल्क घेऊन, कूस न बदलणे हा प्रकार त्यात सरळ बसत नाही. वृद्ध निवासांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत त्याचा कायदा झाला नाही.

तरीही वाटा बंद नाहीत. शुल्क घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली, म्हणजे आता २०१९ च्या कायद्याखाली, दाद मागता येते. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे. आणि फारसे कोणास ठाऊक नसलेले एक कलम याच संहितेत आहे, ते ३५७ वे. शरीराने दुर्बल व असहाय असलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करण्याचे किंवा तिच्या गरजा पुरविण्याचे ज्याने कराराने पत्करले आहे, त्याने ते जाणूनबुजून टाळल्यास तो गुन्हा होय. १८६० च्या जुन्या दंडसंहितेतही हे कलम ४९१ क्रमांकाने होते. यांपैकी कोणत्याही वाटेने गेले तरी प्रश्न एकच येतो : पुरावा काय? शुश्रूषा झाली नाही हे सिद्ध करणे अवघड असते, कारण न झालेल्या गोष्टीचा कोणी पंचनामा करीत नाही. परंतु ती न झाल्याचे परिणाम शरीरावर उमटतात. त्या परिणामांची तारीखवार नोंद असेल तर ‘न झालेले’ही सिद्ध होते.

शरीर काय सांगते

माझ्या अनुभवावरून व नंतरच्या वाचनावरून हेळसांडीचे दर्शक पाच ठिकाणी शोधावेत.

पहिले, वजन. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणे हे वृद्धांच्या बाबतीत दखल घेण्याजोगे मानले जाते. वरील आजींचे वजन पाच महिन्यांत सुमारे साडेतेवीस टक्के घटले होते. माझ्या वहीत वजनाचा एकही आकडा नव्हता. संस्थेत वजनकाटा होता, परंतु अंथरुणावरील रुग्णास त्यावर उभे कसे करणार, असे म्हणून तो प्रश्न मिटविलेला होता. अशा रुग्णाच्या दंडाचा व पोटरीचा घेर साध्या टेपने मोजता येतो. दर महिन्याला त्याच जागी मोजलेला घेर हा मांसक्षयाचा निर्विवाद पुरावा आहे.

दुसरे, त्वचा. शय्याव्रणाच्या चार अवस्था आधुनिक शास्त्र सांगते : दाबल्यावरही न जाणारी लाली, त्वचेचा वरचा थर जाणे, त्वचेची संपूर्ण जाडी जाऊन मेद दिसणे आणि मांस किंवा अस्थी उघडे पडणे. सुश्रुताचार्यांनी व्रणाची आठ अधिष्ठाने सांगितली आहेत. त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी, कोष्ठ आणि मर्म. व्रण त्वचेत आहे की मांसात की अस्थीत, हे लिहिण्याची सवय आपल्याला महाविद्यालयापासून लावलेली असते. त्रिकास्थी, टाचा, नितंबाच्या बाजू आणि खांद्याची हाडे एवढ्या जागा पाहण्यास रुग्णास एकदा कुशीवर वळवावे लागते. त्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी अकरा वेळा वाचविली.

तिसरे, जलांश. वृद्धांत त्वचेची चिमटी घेऊन जलांशाचा अंदाज करणे फसवे असते, कारण त्वचा वयानेच सैल झालेली असते. जिव्हा व मुखाचा कोरडेपणा, मूत्राचे प्रमाण व वर्ण, नवी ग्लानी किंवा भ्रम यांची नोंद अधिक उपयोगी पडते.

चौथे, औषधे. कोणते औषध चालू आहे, कोणी सुरू केले, ते प्रत्यक्ष दिले जाते काय. विशेषतः झोपेच्या गोळ्या कोणाच्या चिठ्ठीवर सुरू आहेत, हे विचारावे. रात्री एकच मावशी असेल तर सर्व निवासी लवकर ‘शांत’ का होतात, हा प्रश्न वैद्याला पडावयास हवा.

पाचवे, पडणे व जखमा. दंडावर बोटांच्या आकाराचे काळेनिळे डाग, मनगटावर बांधल्याचे वण, एकाच महिन्यात तीनदा ‘बाथरूममध्ये घसरले’. यांतील एकटी नोंद काही सांगत नाही. तीन नोंदी ओळीने असल्या की त्या बोलू लागतात.

औषधतक्ता आणि दुकानाचे बिल

त्या प्रकरणात माझी वही आजींच्या उपयोगी पडली नाही. उपयोगी पडले ते दुसरेच कागद, आणि येथे मी औषध विक्रेत्या बंधूंचे विशेष लक्ष वेधतो.

संस्थेने सादर केलेल्या औषधतक्त्यावर रोज सकाळच्या रकान्यात बरोबरची खूण होती. रक्तदाबाची गोळी दररोज एक, पाच महिन्यांत दीडशेच्या आसपास. गावातील औषध दुकानदार प्रत्येक निवाशाच्या नावाने वेगळे बिल करीत असे, कारण पैसे नातेवाइकांकडून येत. त्याने पाच महिन्यांची बिले काढून दिली. त्या गोळीच्या दहाच्या पट्ट्या गेल्या होत्या सहा. दीडशे खुणा आणि साठ गोळ्या. शिवाय तक्त्यावर आजींना रुग्णालयात हलविल्यानंतरच्या दोन दिवसांच्या रकान्यांतही खुणा होत्या, त्याच शाईने, त्याच हाताने. महिन्याचा तक्ता एका बैठकीत भरला जात होता हे सांगण्यास आणखी साक्षीदाराची गरज उरली नाही. तक्रार अंशतः मान्य झाली. ज्या दुकानदाराने आपली बिले नीट ठेवली होती त्याने, स्वतःस कल्पना नसताना, त्या आजींची बाजू मांडली होती.

औषध विक्रेत्यांना नोंदींचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. अनुसूची ‘एच-१’ मधील औषधांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन मार्च २०१४ पासून आहेच. आयुर्वेदीय औषधांतही अनुसूची ‘ई-१’ मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. माझे सांगणे एवढेच की, संस्थेच्या नावाने ठोक बिल करण्याऐवजी शक्य तेथे निवाशाच्या नावाने बिल करावे. आणि ज्या निवाशाचे नेहमीचे औषध दोन महिने नेले गेलेले नाही, त्याच्याविषयी वैद्यांना एक फोन करावा.

आपले शास्त्र आणि आपला आळस

ही सर्व पाश्चात्त्य पद्धतीची कागदपत्रे, आपला त्यांच्याशी संबंध काय, असे म्हणणारेही आहेत. मला तर उलट वाटते. ‘प्रमाण’ हा शब्द आपल्या शास्त्रात दोन अर्थांनी येतो. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही ज्ञानाची प्रमाणे, आणि दशविध परीक्ष्य भावांतील ‘प्रमाण’ म्हणजे शरीराचे मोजमाप. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय हे दहा भाव चरकसंहितेच्या विमानस्थानात आले आहेत. वृद्धाश्रमातील रुग्णाच्या बाबतीत यांतील संहनन, प्रमाण, आहारशक्ती व व्यायामशक्ती हे चार भाव महिन्यातून एकदा लिहिले तरी रुग्णाची उतरंड डोळ्यांसमोर उभी राहते.

योगरत्नाकरात सांगितलेली अष्टविध परीक्षा तर आपल्यापैकी अनेकांच्या केसपेपरवर छापलेलीच असते. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती असे आठ रकाने. मूत्र अल्प व गडद, जिव्हा शुष्क, स्पर्शाने पाठीच्या खालच्या भागी उष्ण व आर्द्र, आकृतीने कृश. एवढे चार शब्द त्या आजींच्या रकान्यांत असते तर जलांश, व्रण व पोषण या तिन्हींची नोंद त्यांत आली असती. आपण आठही रकान्यांत ‘प्राकृत’ लिहून मोकळे होतो. दोष शास्त्राचा नाही.

चतुष्पादांत उपस्थात्यास, म्हणजे परिचारकास, वैद्य, द्रव्य व रुग्ण यांच्या पंक्तीत बसविणारे आपले शास्त्र आहे. परिचारक ज्ञानी, दक्ष, प्रेमळ व शुचिर्भूत असावा ही अपेक्षा आपण परीक्षेत पाठ करून लिहिली. वृद्धाश्रमात गेल्यावर त्या पादाची परीक्षा करणे हे वैद्याचेच काम नव्हे काय? रात्री किती मावशी असतात, त्यांना कूस बदलण्याचे कोणी शिकविले आहे काय, हे विचारून लिहून ठेवणे हीदेखील चिकित्साच होय.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘धातुक्षय’, ‘वातप्रकोप’, ‘दौर्बल्य’ एवढेच लिहिलेल्या नोंदीचा अर्थ न्यायाधीशांना वा वकिलांना लागत नाही, आणि प्रतिपक्ष त्यास म्हातारपण म्हणून सोडून देतो. शास्त्रीय संज्ञा अवश्य लिहावी, परंतु तिच्या शेजारी साध्या मराठीत आकडा लिहावा. ‘मांसक्षय, उजव्या दंडाचा घेर २१ सें.मी., गेल्या महिन्यात २३’ असे लिहिले की संज्ञाही राहते आणि पुरावाही.

दूरचे एक उदाहरण

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात ग्वेन्ट पोलिसांनी २००५ मध्ये वृद्ध निवासांतील मृत्यूंचा मोठा तपास हाती घेतला. ‘ऑपरेशन जॅस्मिन’ या नावाने तो ओळखला जातो. तपास काही वर्षे चालला, ६३ मृत्यू त्यात तपासले गेले, परंतु मुख्य आरोपी प्रकृतीमुळे खटल्यास उभा राहू शकला नाही आणि कुटुंबीयांना अपेक्षित असलेला खटला चाललाच नाही. पुढे मार्गारेट फ्लिन यांनी या प्रकरणाचे परीक्षण करून २०१५ मध्ये अहवाल दिला. खोल शय्याव्रणास कळविणे बंधनकारक असलेल्या आजाराइतके महत्त्व द्यावे, असा आग्रह त्यात धरला आहे. तेथील यंत्रणा आपल्यापेक्षा कितीतरी सधन. तरी त्यांनाही अखेर धडा मिळाला तो हाच, की वर्षे उलटल्यावर तपास करून सत्य हाती लागणे कठीण, व्रण दिसेल त्या दिवशी ते लिहिणे व कळविणे सोपे.

कागद दुधारी आहे

येथे दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. प्रत्येक शय्याव्रण हा हेळसांडीचा पुरावा नव्हे. अंतकाळी, रक्ताभिसरण मंदावलेले असताना, उत्तम शुश्रूषा होऊनही व्रण पडू शकतो. खोलवर आधीच झालेली इजा एक-दोन दिवसांत पृष्ठावर फुटू शकते. कर्करोगाच्या रुग्णाचे वजन कोणी कितीही भरविले तरी घटते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घास तोंडात धरून बसतो. अशा वेळी ज्या संस्थेने दर दोन तासांनी कूस बदलल्याची, किती घास घेतले व किती नाकारले याची खरी नोंद ठेवली आहे, तिला तोच कागद वाचवितो. चांगल्या परिचारिकेवर खोटा आळ येतो तेव्हा तिच्यापाशीही दुसरे काही नसते.

त्याचप्रमाणे व्रण दिसला म्हणजे दोष सिद्ध झाला, असे वैद्याने केसपेपरवर लिहू नये. ‘हेळसांड झाली’ हा निष्कर्ष आहे, तो न्यायालयाने काढावयाचा. ‘त्रिकास्थीवर ६ × ४ सें.मी. व्रण, तळाशी मांस दिसते, दुर्गंध आहे. गेल्या भेटीत येथे त्वचा अखंड होती. कूस बदलण्याचा तक्ता मागितला, उपलब्ध नाही’ हे निरीक्षण आहे, ते वैद्याने लिहावयाचे. निरीक्षण काटेकोर असले की निष्कर्षास वेगळे विशेषण लावावे लागत नाही.

नोंद कशी असावी

माझ्या पुरता मी आता जो शिरस्ता ठेवला आहे तो येथे देतो. तो सर्वांना लागू पडेलच असे नाही.

जे डोळ्यांनी पाहिले तेच ‘पाहिले’ म्हणून लिहावे. मावशींनी सांगितलेले ‘परिचारिकेच्या सांगण्यानुसार’ असे लिहावे. रुग्णास पाहणे झाले नसेल तर ‘आज तपासले नाही’ असे स्पष्ट लिहावे. ही ओळ लिहिताना लाज वाटते, आणि ती लाज उपयोगी असते. पुढल्या खेपेस आपण चादर काढतो.

प्रत्येक नोंदीवर तारीख व वेळ असावी, आणि ती त्याच वेळी केलेली असावी. चुकीचा शब्द खोडावयाचा तर एक रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूस सही करावी. पांढरी शाई कधीही वापरू नये. मागाहून आठवलेली गोष्ट ‘नंतरची नोंद’ म्हणून त्या दिवसाच्या तारखेने लिहावी. मागील तारखेने लिहिलेली एक ओळ उघड झाली की उरलेल्या शंभर खऱ्या ओळींवरचा विश्वास उडतो.

व्रणाचे छायाचित्र रुग्णाच्या किंवा जबाबदार नातेवाइकाच्या संमतीने, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. मोबाईलमधील छायाचित्र पुराव्यात द्यावयाचे तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ छायाचित्र पुसून टाकू नये.

व्हिजिट बुक संस्थेपाशी राहते. म्हणून आपल्या नोंदीची एक प्रत आपल्यापाशी असावी. आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांना २००२ च्या आचारनियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवण्याचे व मागणी झाल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले आहे. आपणही त्याहून कमी काही करू नये. रुग्णाच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला आहे. अर्थात मागणारा कोण आहे याची खात्री करून, लेखी अर्ज घेऊनच प्रती द्याव्यात. संपत्तीच्या भांडणातील भावाभावांना हा कागद हत्यार म्हणून हवा असतो, हेही विसरू नये.

आणि केवळ लिहून थांबू नये. गंभीर गोष्ट दिसल्यास त्याच दिवशी संस्थाचालकांना व नातेवाइकांना लेखी कळवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक वृद्धाश्रमाच्या भिंतीवर लावण्याचा आग्रह आपण धरू शकतो. आपण लिहून ठेवले होते, पण कोणास सांगितले नाही, हा बचाव कायद्यात कदाचित टिकेल, आपल्या स्वतःपुढे टिकणार नाही.

आक्षेप आणि विनंती

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आपण सेवाभावाने जातो, मानधन नाममात्र, एवढे काटेकोर लिहू लागलो तर संस्था आपल्याला बोलावणार नाहीत आणि उगाच न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. यातील पहिला भाग खरा आहे. मला एका संस्थेने बंद केले. दुसऱ्या एका संस्थेने मात्र हाच शिरस्ता मान्य करून दर महिन्याच्या वजनाचा तक्ता स्वतःहून सुरू केला. जी संस्था ‘पाहू नका, फक्त सही करा’ असे म्हणते तिला वैद्य नको असतो, शिक्का हवा असतो. सेवाभावाने शिक्का भाड्याने देणे ही सेवा नव्हे. राहिला प्रश्न न्यायालयाच्या पायऱ्यांचा. मी त्या चढलो आहे. कोऱ्या नोंदवहीसह चढणे हे भरलेल्या नोंदवहीसह चढण्यापेक्षा फार जड जाते.

आपल्या संघटनेस माझी एक विनंती आहे. वृद्धाश्रमास भेट देणाऱ्या सभासदांसाठी एका पानाचा नोंदतक्ता तयार करावा. त्यात वजन किंवा घेर, व्रणस्थानांची आकृती, अष्टविध परीक्षेचे आठ रकाने, चालू औषधे, पडण्याच्या घटना आणि ‘स्वतः तपासले / तपासले नाही’ असा एक रकाना असावा. शाखांच्या मासिक बैठकीत त्यावर चर्चा होऊन सूचना याव्यात आणि भेटीचे काम स्वीकारताना हा तक्ता वापरण्याची अट सभासदाने संस्थेपुढे ठेवावी. औषध विक्रेत्या सभासदांनी निवाशाच्या नावाने बिल करण्याच्या सूचनेवर आपले अनुभव अवश्य कळवावेत. व्यवहारात त्यास काय अडचणी येतात हे त्यांनाच अधिक ठाऊक.

ते जुने व्हिजिट बुक प्रकरण संपल्यावर संस्थेकडे परत गेले. त्याच्या प्रती माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वृद्धाश्रमाच्या भेटीस निघण्यापूर्वी त्यांतील एक पान मी अधूनमधून काढून पाहतो. अक्षर माझेच आहे, शिक्काही माझाच. ‘प्रकृती ठीक, पूर्ववत्’. त्या दिवशी आजींच्या पाठीवर काय होते हे त्या पानावरून आज कोणासच सांगता येणार नाही, मलाही नाही.